होडीच्या नाकावर नारळ

आमच्याकडे विमान होतं असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "साहेब चालवायचे का?" साहेब म्हणजे माझे यजमान. ते कॉलेजात गणित शिकवायचे आणि झोपाळ्यावर बसलं तरी त्यांना मळमळायचं. विमान माझं होतं. कागदांवर नाव माझं, शेडची किल्ली माझ्या पर्समध्ये, आणि शिकायला पहाटे उठून जयसिंगपूरला जाणारीही मीच. हे आधीच स्पष्ट करते, कारण तो प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की शेवटी मी मोजणं सोडलं, आणि मी मोजणं सहसा सोडत नाही.

ज्यांनी असलं यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर नळ्यांवर ताणलेला त्रिकोणी कापडी पंख. त्याच्याखाली टांगलेली फायबरची छोटी होडी, दोन माणसं पुढे-मागे बसतील एवढी. पाठीमागे इंजिन आणि ढकलणारा प्रोपेलर. होडीला तीन चाकं, ती एका लिव्हरनं वर उचलता येतात. जमिनीवर उतरायचं तर चाकं खाली, पाण्यावर उतरायचं तर चाकं वर. चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलात तर यंत्र नाकावर कोलांटी खातं, म्हणून माझ्या यादीत ही ओळ लाल शाईत होती.

यादीबद्दल सांगायला हवं. सासऱ्यांनंतर, नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, आमचं मशीन शॉप माझ्याकडे आलं. पंपाचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुटे भाग आम्ही कातून द्यायचो. मंगळवार पेठेतल्या घरातून निघून मी नऊच्या ठोक्याला शॉपमध्ये असायचे, आणि दहा मिनिटांत दिवसाची यादी फळ्यावर असायची. शिवाय एक वही होती. दाराशेजारी खिळ्याला टांगलेली. काम बिघडलं की तारीख, काय बिघडलं आणि कुणाच्या हातून, एवढं तिच्यात लिहायचं. दंड नाही, ओरडा नाही, फक्त नाव. मला ही पद्धत फार न्यायाची वाटायची.

यंत्र आमच्याकडे आलं ते दोन हजार सालानंतर. किनाऱ्यावर एकानं ते पर्यटकांसाठी आणलं होतं, धंदा बसला, आणि ते ताडपत्रीखाली पडून होतं. मी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले होते. ताडपत्री उचलून पाहिली, परत येताना गाडीत गप्प बसले, आणि घरी पोचेपर्यंत माझी यादी तयार होती. यजमान म्हणाले, "यातली पहिली ओळ 'घ्यावं का?' अशी असायला नको का?" मी म्हटलं, ती ओळ झाली.

परवानग्यांचं प्रकरण मी थोडक्यात आटोपते, नाहीतर अजूनही माझा आवाज चढतो. एका खिडकीवर सांगितलं, होडी आहे, ते आमचं काम नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, हे उडतं, होडीचं आमच्याकडे काय काम? दोन्ही खिडक्यांवर मला, यजमानांना पाठवा, असंही सांगण्यात आलं. मी दोन्ही खिडक्यांची उत्तरं लिहून घेतली, तारखेसह, आणि ती एकमेकांना दाखवली. दीड वर्षानं फाइल पूर्ण झाली.

जयसिंगपूरच्या पुढे शिरोळ तालुक्यात पाणी पाजून पाजून मिठाळलेल्या जमिनी आहेत. ऊस सोडा, तिथे गवतही धड येत नाही. अशाच एका सपाट पांढरट रानात आम्ही धावपट्टी आखली आणि पत्र्याची शेड बांधली. कृष्णा तिथून हवेतून चार मिनिटांवर. मला शिकवायला जे सर येत ते हवाईदलातून निवृत्त झालेले, सत्तरीकडे आलेले, सांगलीत राहणारे. चहा बिनसाखरेचा आणि बोलणंही.

वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या हातांना ते यंत्र शिकवणं म्हणजे शिक्षा होती. समोर एक आडवी दांडी. ती अंगाकडे ओढली की नाक खाली जाऊन वेग वाढतो, पुढे ढकलली की नाक वर. डावीकडे वळायचं तर दांडी उजवीकडे सारायची. जमिनीवर डावा पाय दाबला की पुढचं चाक उजवीकडे वळतं. सगळं उलटं. पहिल्या महिन्यात मी धावपट्टीवरून तीनदा शेजारच्या बांधावर गेले. सर मागच्या सीटवरून म्हणाले, "मॅडम, स्कूटर घरी ठेवून येत चला."

पण जमत गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात मी एकटी जमिनीवर उतरू शकत होते. पाण्यावर उतरायला शिकले तो दिवस मी विसरणार नाही. पाण्यावर वाऱ्याची बारीक लाट हवी. आरशासारखं शांत पाणी असलं की उंचीच कळत नाही. होडीचा तळ पाण्याला लागतो तेव्हा चर्र असा आवाज येतो, कढईत पाण्याचा शिंतोडा पडावा तसा. मग वेग मरतो आणि तुम्ही एकदम होडीत बसलेले असता, विमान कुठेच नाही.

राहिली होती ती फक्त सही. पाण्यावर एकटीनं उतरायला सरांची सही लागणार होती, आणि सर ऐन दिवाळीत सांगली कायमचं सोडून मुलीकडे बंगळूरला चालले होते. धनत्रयोदशीला त्यांचा ट्रक भरणार होता. दुसरे शिक्षक जवळात जवळ पुण्याला, आणि त्यांच्यात पाण्यावर उतरणं शिकवणारं कुणी नव्हतं. म्हणजे त्या आधी सही झाली नाही, तर ते यंत्र माझ्यासाठी अर्धंच राहणार होतं, चाकांचं. होडी नुसती शोभेची.

अशा वेळी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला शॉपमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा असते हे वेगळं सांगायला नको. लेथ धुऊनपुसून त्यांना हार, हळद-कुंकू, आणि प्रत्येक लेथच्या लोखंडी बेडच्या कोपऱ्यावर नारळ फोडायचा. त्या दिवशी मी शॉपमध्ये अडकलेली, म्हणून विमानाच्या पूजेला आमच्या मिस्त्रींना जयसिंगपूरला पाठवलं. मिस्त्री म्हणजे शॉपचा कणा. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचे, मला वहिनी म्हणणारे, आणि वहीत पंधरा वर्षांत एकदाही नाव नसलेले. त्यांच्या हातात मी एक पुठ्ठा दिला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: पंखाच्या कापडाला हळद-कुंकू नको. तारांना हार नको. इंजिनावर, प्रोपेलरवर, वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांच्या पट्टीवर नारळ फोडायचा नाही. उदबत्ती टाकीपासून दहा फूट लांब.

संध्याकाळी ते प्रसाद घेऊन परत आले. "झाली पूजा?" "झकास झाली की." खोबरं चांगलं होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मी रोज पहाटे जाऊन उडत होते, फक्त जमिनीवर. रोज उडण्यापूर्वी यादीचा कागद, त्यावर बरोबरच्या खुणा, खाली सही. नवव्या दिवशी सरांनी पाण्यावरची परीक्षा ठेवली. पाच वेळा नदीवर उतरायचं, पाच वेळा उठायचं. मी पुढे, सर मागे.

पहिलं छान. दुसरं सर म्हणाले "बरं", म्हणजे उत्तम. तिसऱ्यांदा उतरले, इंजिन पूर्ण दिलं, आणि होडी उठेना. एरवी ती थोडं धावून पाण्याच्या वर येते आणि सपासप घसरायला लागते. त्या दिवशी नाक खुपसून चाललेली. मी दांडी पुढे ढकलली. काही नाही. मग माझे पाय ओले लागले.

"सर, पाणी."

"किती?"

"घोट्याच्या वर."

"इंजिन बंद. वल्हं कुठंय?"

वल्हं माझ्या सीटखाली पट्ट्यानं बांधलेलं होतं, यादीतली चौदावी ओळ. ती ओळ पाहून सर पूर्वी हसले होते, पुराला जाणार आहात का म्हणून. मी काही न बोलता वल्हं मागे दिलं. काही न बोलणं मला फार सुखाचं गेलं.

नदीच्या काठाला घाटाच्या पायऱ्यांवर चार-पाच माणसं म्हशी धूत होती. आम्ही हेल्मेटमध्ये, कापडी पंख डोक्यावर, गोगलगाईसारखे त्यांच्याकडे सरकत होतो.

"ओ पावणं! इंजान बंद पडलं व्हय?"

मी हेल्मेट काढलं.

"आरं, पावणं काय म्हनतुयास, बाई हाय ती!"

"बाई? मग मागं वल्हवायलाय त्यो कोन?"

"त्यो मालक आसंल."

"मालक मी आहे!" मी नदीतून ओरडले. माझ्या घोट्याच्या वर पाणी, बूड ओलं, परीक्षा बुडालेली, आणि तरी मला हेच आधी सांगावंसं वाटलं.

"बरं बरं, मालकीणबाई. दोर टाकतो, धरा."

त्यांनी ओढून घेतलं. पाच जणांनी मिळून होडी कलती केली तेव्हा नाकाखालून पाण्याची धार लागली. मी भिजलेली पिशवी उघडून माझी नोंदवही काढली. चिडले होते आणि माझ्याकडे पुरावा होता. परवा सरांनी एकदा उतरवून दाखवलं होतं तेव्हा यंत्र आपटलं होतं, आणि मी ते लिहून ठेवलं होतं. मी त्या म्हशीवाल्यांच्या देखत परवाची नोंद वाचून दाखवली: "सकाळी सात. सरांचं उतरणं जड."

सर ओल्या पॅंटनिशी पायरीवर गुडघे टेकून बसले, होडीच्या नाकाखालच्या कडेवर हात फिरवला, नखानं खरवडलं. बोटाएवढ्या लांबीची चीर होती आणि तिच्या कडेला पांढरा चुरा. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"मॅडम, मी जड उतरलो तर तडा जाईल. पुट्टी लागणार नाही."

गाड्यांच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी. वरून पांढरा रंग. कुणीतरी चीर बुजवली होती, आणि शेडची दुसरी किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाला दिली गेली होती, एकाच दिवसासाठी.

दुपारी मी तशीच शॉपमध्ये गेले. मिस्त्री लेथवर होते.

"मिस्त्री, होडीला पुट्टी कुणी लावली?"

त्यांनी चालू काप अर्धवट ठेवून लेथ बंद केला. पंधरा वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं.

"सुटली व्हय ती?"

"सुटली? नदीच्या मधोमध सुटली!"

"दोन हात दिलते की म्या. वाळवून."

"पण चीर पडली कशी?"

त्यांनी हात पुसले. "नारळ जरा जोरात बसला."

माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. फायबरच्या होडीवर नारळ! यादी दिली होती, पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरात! मिस्त्री शांतपणे हत्यारांच्या पेटीकडे गेले आणि तोच पुठ्ठा घेऊन आले. जपून ठेवला होता. त्यावर तेलकट बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ वाचली.

"पंख न्हाय. इंजान न्हाय. पंखा न्हाय. काटं न्हायत. व्होडीचं कुटं लिवलंय, दावा की वहिनी. तुमी लिवलं आस्तं तर म्या मोडलं आस्तं काय?"

मी पुठ्ठा दोनदा वाचला. होडी नव्हती. मी एकेक नाजूक वस्तू आठवून लिहिली होती, आणि होडी मला नाजूक वाटलीच नव्हती. त्यांनाही नाही. ज्यांचा सगळा जन्म बिडात गेला, ज्यांनी दर खंडेनवमीला लेथच्या कोपऱ्यावर नारळ आपटला आणि लेथला ओरखडा पडलेला पाहिला नाही, त्यांना नाकाखालची ती धारदार कड दिसली आणि त्यांनी तीच निवडली. नारळ फोडायला याहून सोयीची जागा त्या यंत्रात नव्हती.

"ठीक आहे," मी म्हटलं. ठीक अजिबात नव्हतं. "पण मला सांगितलं का नाही? एक शब्द? माझ्याबरोबर एक सत्तरीचा माणूस होता मागं!"

मिस्त्री दाराकडे बघत राहिले. तिथे खिळ्याला वही लटकत होती.

"पंधरा वर्सं झाली, वहिनी," एवढंच म्हणाले.

मी रागानं घरी गेले. यजमान म्हणाले, बिचाऱ्यानं लपवलं ते भीतीनं. मी म्हटलं, माझ्या शॉपमध्ये कुणाला भीती वाटायचं कारणच नाही, मी कधी कुणाला दंड केलेला नाही. ते म्हणाले, "हो, तू फक्त लिहून ठेवतेस." त्या रात्री मी त्यांच्याशीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सरांना मी सगळं सांगितलं: कुणी केलं, कसं केलं, कुणी लपवलं. आणि म्हटलं, होडी चार दिवसांत दुरुस्त होईल, मग परीक्षा पूर्ण करू. सरांनी हात पुढे केला.

"गेल्या नऊ दिवसांच्या याद्या द्या."

दिल्या. नऊ कागद, फाइलला लावलेले, क्रमानं. त्यांनी प्रत्येकावर तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "होडी, तळ: ठीक." नऊ वेळा. नऊ खुणा, सारख्या, सुबक.

"वाकून पाहिलं होतंत?"

होडी चाकांवर, जमिनीलगत असते. तळ पाहायचा तर मातीत गुडघे टेकावे लागतात, आणि रंग नवा आहे हे दिसायला नाकाखाली मान घालावी लागते. मी दररोज तिच्याभोवती फिरले होते, पेन हातात घेऊन.

"नाही," मी म्हटलं.

"मग सही होणार नाही."

मला इतका संताप आला की मी शेडबाहेर जाऊन परत आले. नारळ फोडला त्यानं, लपवला त्यानं, आणि सही अडली माझी? सर म्हणाले, नारळ कुणीही फोडेल, आज मिस्त्री, उद्या एखादं कुत्रं दात लावेल. "उडणार तुम्ही आहात. ही खूण तुम्ही तळाला केली नाहीत, कागदाला केलीत." मग म्हणाले, होडी दुरुस्त करून घ्या. नंतर रोज सकाळी यादीशिवाय यंत्र तपासायचं. हात लावून, मोठ्यानं बोलत. यादी मिस्त्रींच्या हातात, त्यांनी मागून चालायचं. राहिलं ते त्यांनी सांगायचं.

"मिस्त्रींनी? मला?"

"त्यांना यादी अक्षरशः पाळता येते, हे सिद्ध झालंय."

औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या करणारा एक कारागीर होता. त्यानं चीर दोन्ही बाजूंनी कापून मोठी केली, आतून-बाहेरून कापडाचे थर दिले. मिस्त्री चारही दिवस त्याच्याजवळ उभे होते आणि घासायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. माझ्याशी बोलत नव्हते. मीही त्यांच्याशी बोलत नव्हते. मजूर बिचारे एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत होते.

मग त्या सकाळी सुरू झाल्या. मी यंत्राभोवती, मातीत गुडघे टेकत, "नाकाखालची कड, कोरडी, चीर नाही" असं मोठ्यानं म्हणत. मागे मिस्त्री, चष्मा नाकावर, हातात माझी यादी. पहिल्या दिवशी माझ्या पाच गोष्टी राहिल्या. मला खरं वाटेना. ती यादी मी लिहिली होती! दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एकच राहिली, चाकांच्या लिव्हरची खीळ, आणि मिस्त्री धावपट्टीच्या पलीकडच्या रानात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "वहिनी! लाल शाई!"

सर बिनसाखरेच्या चहाच्या कपात बघत होते. हसत होते, मला खात्री आहे.

पाचव्या दिवशी काही राहिलं नाही. सरांचा ट्रक दुसऱ्या दिवशी भरणार होता. त्यांनी मला नदीवर पाच वेळा उतरवलं, उठवलं, परत शेडमध्ये आणलं, खिशातून पेन काढलं आणि सही केली. मग म्हणाले, "आता माझ्याशिवाय जा. घाटावर थांबा, होडीत हात घालून पाहा, आणि या."

मिस्त्री त्याआधीच शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बसून घाटाकडे निघाले होते.

एकटीनं उडताना यंत्र हलकं होतं, मागच्या सीटचं वजन नसतं म्हणून. नदीवर बारीक लाट होती. मी चाकं वर घेतली, मोठ्यानं तसं म्हटलं, आणि लिव्हरची खीळ हातानं चाचपली. चर्र. वेग मेला. मी होडीत बसलेली होते. घाटापर्यंत गेले, होडीच्या नाकावरचं झाकण उघडून आत हात घातला, कोपरापर्यंत. कोरडा.

घाटाच्या पायऱ्यांवर मिस्त्री उभे होते. हातात पिशवी, पिशवीत नारळ. म्हशीवाले त्यांच्याभोवती.

"वहिनी," ते पाण्याच्या काठावरून ओरडले, आठ-नऊ दिवसांत पहिल्यांदा यादीबाहेरचं काही, "फोडू का?"

"कुठं?"

"तुमी सांगशीला तितं."

"पायरीवर. आणि माझ्यापासून दहा फूट लांब."

त्यांनी पावलं मोजली. खरोखर मोजली, दहाच्या वर दोन जास्त घेतली, आणि पायरीच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. म्हशीवाल्यांपैकी एकानं विचारलं, "मालकीणबाई, येकल्याच आलासा?" मी हो म्हटलं.

वहीत त्या खंडेनवमीच्या तारखेला दोन नावं आहेत, आधी माझं, मग मिस्त्रींचं. माझं नाव मी लिहिलं. त्यांचं त्यांनी स्वतः लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. माझा राग अजून पुरता गेलेला नाही. सत्तरीच्या माणसाला घेऊन मी गळक्या होडीत नदीवर उतरले, ही गोष्ट आठवली की आजही अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी घाटावर मिस्त्रींनी पाण्यात गुडघाभर उतरून खोबऱ्याचा तुकडा होडीत दिला, आणि मी तो खाल्ला. मग चाकं वर आहेत ना हे मोठ्यानं म्हणून इंजिन सुरू केलं.